भोंगा नाही झाला अजून

पोळा आठवड्यावर आला की महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडी बैल विकायला बसतात. चाकांवर उभे, शिंगांना बेगड, कपाळावर लाल टिकली. सगळ्यात लहान बैल तळहातावर मावतो, सगळ्यात मोठा माझ्या स्कूटरच्या हँडलपर्यंत येतो. पावसाचा भरवसा नसतो म्हणून त्यांच्यावर निळी ताडपत्री टाकलेली असते, आणि सकाळी ऑफिसला निघताना तिच्याखालून फक्त पाय आणि चाकं दिसतात. त्याच आठवड्यात मिहानमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर पिवळ्या रेषा उगवतात. बैलांचा आणि रेषांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मागच्या वर्षीपासून त्या ओल्या रंगाचा वास आला की माझा हात आपोआप फोनकडे जातो, काही वाजायचं राहून गेलं का ते बघायला.

मी मोबाइलची अ‍ॅप लिहिते. ज्या प्रणालीवर फोन चालतात ती दरवर्षी नवी होते, आणि नवी होताना आधीच्या काही पद्धती मोडीत काढते. लगेच बंद करत नाही. आधी फक्त कळवते की ही पद्धत आता वापरू नका. तरी तुम्ही वापरलीच असेल तर तिच्या नावावर आडवी रेघ मारलेली दिसते आणि खाली पिवळी नागमोडी ओळ. ऑफिसात याला ‘डेप्रिकेट झालं’ म्हणतात. आईने एकदा अर्थ विचारला तेव्हा मी म्हणाले, खोडलेलं आहे पण चालू आहे. ती कणीक मळत म्हणाली, म्हणजे तुझ्या आत्याचं लग्न.

ऑगस्टच्या शेवटी मुदत असते. तोवर अ‍ॅप नव्या व्हर्जनला जुळवून घेतलं नाही तर पुढचं अपडेट स्टोअरवर चढवता येत नाही. आणि जुळवून घेणं म्हणजे जुनं फेकून देणं नव्हे, कारण लोकांच्या हातात सगळ्या वयाचे फोन असतात. म्हणून कोडमध्ये पायऱ्या बांधाव्या लागतात. फोन अमुक व्हर्जनच्या पुढचा असेल तर असं कर. नाहीतर तसं कर. तेही नसेल तर आणखी जुन्या रीतीने कर. फोनवर वाजणाऱ्या एका घंटेसाठी तीन-चार ‘नाहीतर’. मला हे काम आवडायचं. कुणी मागे राहू नये म्हणून केलेली ही सोय असते आणि वापरणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. स्वतः समोर न येता करता येणारी कामं मला पहिल्यापासून बरी वाटतात.

शाळेत मराठी बोललं की नाव फळ्यावर लिहीत. घरी इंग्रजी शब्द तोंडात आला की चुलत भावंडं हसत. दोन्हींच्या मधे गप्प बसायची एक जागा होती, ती मी धरली. अजूनही बहुतेक वेळ तिथेच असते.

पिवळ्या रेषांवरही एक उपाय आहे. ज्या कोडवर इशारा येतो त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहायची. तिचा अर्थ एवढाच, की याबद्दल बोलू नकोस. रेष जाते. खालचं काही बदललेलं नसतं.

वैशालीताई आमच्याकडे टेस्टर. आम्ही लिहिलेलं मोडतं का ते बघणं हे तिचं काम. सावनेरहून रोज एसटीने यायची, मग सगळं शहर ओलांडून मिहानला. चाळिशीच्या आतबाहेर, चष्मा नेहमी डोक्यावर. चौदा जणांच्या ऑफिसात मला घरच्यासारखं ‘वं’ म्हणणारी ती एकटी. बाकीचे माझ्याशी जपून, इंग्रजीत बोलायचे. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून डबा उघडायची. मी बोलत नाही याचा तिला काही त्रास नव्हता.

“तू नको बोलू,” ती म्हणायची. “मी दोघींचं बोलते. तू भाजी दे.”

आमचं अ‍ॅप औषधांच्या वेळांची आठवण करून देणारं. एका धर्मादाय दवाखान्यासाठी केलेलं. वैशालीताईचे बाबा तेच वापरत. सावनेरजवळच्या कोळसाखाणीत, जमिनीखाली, त्यांनी उभा जन्म काढला होता. निवृत्तीनंतर कंपवात जडला. दिवसाला पाच गोळ्या, आणि त्या गोळ्यांचं असं, की अर्धा तास उशीर झाला तरी माणूस चालता चालता जागच्या जागी थिजतो. पाय उचलायचा आहे हे त्याला कळत असतं. पाय उचलत नाही.

बाबा घड्याळ मानत नसत. भिंतीवर होतं, त्यांना दिसायचंही. पण खाणीत वेळ भोंग्याने ठरते. भोंगा झाला की खाली उतरायचं, भोंगा झाला की वर यायचं, आणि भोंगा झाल्याशिवाय आपल्या मनाने हलायचं नाही. तिथे मनाने हलण्यात जीव जातो. अ‍ॅपची मूळची किणकिण त्यांना आपल्यासाठी आहे असं कधी वाटलंच नाही. मग वैशालीताईने एक दिवस खाणीच्या फाटकाबाहेर उभं राहून पाळीचा भोंगा रेकॉर्ड करून आणला. मला म्हणाली, हे बसवून दे. आवाजांच्या यादीत सगळ्यात तळाशी मी तो बसवला. त्यानंतर बाबांची एकही गोळी चुकली नाही, असं ती ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरायची.

हिवाळ्यातल्या एका रविवारी मी सावनेरला गेले होते. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, जणू आत्ता पाळी सुरू व्हायची आहे. उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि ते त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तसे पाहत होते. मग माझ्याकडे पाहिलं.

“तूच का वं भोंगा बसवणारी?”

“हो काका.”

“येवढुशी तर हाय.”

एक वाजता खिडकीतल्या फोनवर भोंगा झाला. लांब, पत्र्यासारखा, शेवटाला थोडा घसा बसलेला. ओट्याखालचं कुत्रं उठून उभं राहिलं. बाबांनी तळहात पुढे केला, वैशालीताईने गोळी ठेवली. मी लिहिलेलं काही कुणाच्या तळहातापर्यंत पोचताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते. कपाशी वेचून झालेली शेतं मागे जात होती. मला स्वतःबद्दल इतकं बरं क्वचितच वाटलं असेल.

मागच्या ऑगस्टात नियम बदलला तो घंटेचाच. ठरल्या मिनिटाला वाजायचं असेल तर आता फोनच्या मालकाची वेगळी परवानगी लागणार होती. ज्या फोनवर अ‍ॅप आधीपासून आहे तिथे ती चालूच राहणार. पण नव्या फोनवर अ‍ॅप नव्याने टाकलं तर ती सुरुवातीला बंद असणार. म्हणून मी आणखी एक पायरी बांधली. परवानगी असेल तर घंटा लाव. नाहीतर.

या ‘नाहीतर’च्या पुढे बरंच लिहायचं होतं. माणसाला परवानगी मागायची. त्याने दिली नाही तर मोठ्या अक्षरांत सांगायचं की घंटा वेळेवर वाजणार नाही, आणि निदान मागेपुढे का होईना, वाजेल अशी सोय करायची. मी हिशेब केला, दोन दिवस लागतील. ऑफिसच्या मुख्य सरांना रिलीज दुसऱ्या दिवशी हवं होतं आणि इशाऱ्यांच्या यादीत पिवळं काही नको होतं. मी ती जागा रिकामी ठेवली. आत फक्त एक टिपण लिहिलं, नंतर बघू. रिकाम्या जागेवर यंत्राने पिवळी रेष दिली. मी फाइलच्या डोक्यावर ती एक ओळ लिहिली. रेष गेली.

त्या दिवशीची मीटिंग उभ्या उभ्याच होती, खिडकीशी. वैशालीताई म्हणाली, टेस्टिंगच्या सगळ्या फोनांत अ‍ॅप आधीपासून आहे, एखाद्या कोऱ्या फोनवर टाकून पाहू का. कोरा फोन मागवावा लागला असता, एक दिवस गेला असता. सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, गरज आहे का. तेवढ्यात वरून विमान गेलं. विमानतळ शेजारीच असल्याने आमच्याकडे विमानं इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं. सगळे थांबले. मला उत्तर माहीत होतं. पण ते द्यायचं तर त्या रिकाम्या जागेबद्दल सांगावं लागलं असतं, चौदा जणांसमोर. विमानाचा आवाज विरला. मी मान हलवली. नाही म्हणून.

वैशालीताईने वहीत काहीतरी खोडलं.

बाबांच्या जुन्या फोनचा आवाज फाटायला लागला होता. भोंगा नीट ऐकू यावा म्हणून तिने पोळ्याला त्यांच्यासाठी नवा फोन घेतला. पोळ्याच्या संध्याकाळी, शेवटची गोळी देऊन झाल्यावर तिने त्यात अ‍ॅप टाकलं, पाचही वेळा भरल्या, यादीच्या तळातून भोंगा निवडला. निवडताना आवाज एकदा नमुन्यादाखल वाजतो. तो वाजला. बाबा म्हणाले, “आता बरा वाजून राहिला.”

हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून, एकेक गोष्ट क्रमाने, बग, म्हणजे अ‍ॅपमधली चूक, सांगावी तसं.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे लहान मुलांचा तान्हा पोळा, आणि आमच्याकडे मारबतीची मिरवणूक. रिलीजनंतरच्या पहिल्या दिवसांत टेस्टरला रजा मिळत नाही. रस्ते बंद होण्याआधी पोचायचं म्हणून, भोंग्याची वाट न पाहता सहाची गोळी बाबांच्या हातावर ठेवून वैशालीताई लवकरच्या एसटीला निघाली. मीही निघाले, पण गल्लीच्या टोकाला अडकले. दारोदारी पळसाच्या डहाळ्या खोचलेल्या होत्या आणि ढोल जवळ येत होते. पिवळी मारबत आली. बांबू-कागदाची ती बाई पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत उंच, हलली की तारा चुकवत पुढे सरकायची. पुढे नेऊन तिला जाळतात. जाळण्याआधी लोक वर्षाची सगळी दुखणी तिच्या माथी मारतात. इडा पिडा घेऊन जा गे मारबत. माझ्या शेजारी उभी असलेली बाई गुडघ्याला हात लावून ओरडली, बहुधा तिचा गुडघा दुखत असावा. मी स्कूटर धरून उभी राहिले, मारबत जाईपर्यंत. 

साडेनऊला सावनेरला भोंगा झाला नाही.

अकरा वाजता शेजारच्या निर्मलाबाई डोकावल्या. काका, गोळी घेतली का, असं त्यांनी विचारलं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले.

“भोंगा नाही झाला अजून.”

निर्मलाबाईंना वाटलं, वेळ व्हायची असेल. एक वाजताही भोंगा झाला नाही. दुपारी त्या नातवंडांबरोबर लाकडी बैल घेऊन घरोघर गेल्या. त्यानंतर कधीतरी बाबा बाथरूमला जायला उठले असावेत. उंबऱ्यावर पाय थिजला. इकडे वैशालीताई लवकर सुटली होती, पण मारबतीमुळे रस्ते बंद होते, मिहानहून बसस्टँडला पोचायलाच तिला दोन तास लागले. घरी पोचली तेव्हा सात वाजले होते. बाबा फरशीवर होते, शुद्धीवर. खुब्याचं हाड मोडलं होतं. नवा फोन खिडकीत होता. त्यावर पाचही वेळा एकाखाली एक, नीट लावलेल्या दिसत होत्या.

ऑपरेशन झालं. मग छातीत कफ धरला. दिवाळीच्या आत ते गेले.

दवाखान्यातून तिचा पहिला फोन आला त्यात तिने ‘नवा फोन’ म्हटलं, आणि त्यापुढचं मला नीट ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ती रिकामी जागा भरली. दोन दिवसांचं काम चार तासांत झालं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. अपडेटमध्ये काय बदललं ते लोकांना सांगायची एक छोटी चौकट असते. तिच्यात मी लिहिलं, किरकोळ दुरुस्त्या. त्या आठवड्यात आणखी किती नव्या फोनांवर घंटा वाजली नाही ते मला माहीत नाही. तक्रार एकही आली नाही. न वाजलेल्या घंटेची तक्रार कोण करणार.

तेराव्यानंतर वैशालीताई कामावर आली. खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसली. तिच्या डब्यात वांग्याचं भरीत होतं, तिने ते माझ्याकडे सरकवलं.

“मीच वं,” ती म्हणाली. “लोकाईचे फोन तपासून राहिली इतके वर्ष, अन् माह्या बापाचा नाही तपासला. कोणतं तरी बटन राहिलं माह्याकडून.”

मला उत्तर वेळेवर सुचत नाही, हे माझं नेहमीचं. पण तेव्हा वाक्य तयार होतं. त्यानंतर रोज तयार होतं. हिवाळाभर होतं, कूलर लागले तेव्हा होतं, कूलर पुन्हा कोपऱ्यात गेले तेव्हाही होतं. मी भरीत घेतलं. चांगलं झालंय म्हणाले. तिने ते बटण शोधण्याचा नाद सोडला नाही. मधेच विचारायची, सेटिंगमधलं अमुक असेल का, तमुक असेल का. मी म्हणायचे, माहीत नाही ताई. ती इतरांच्या चुका आता जरा जास्तच हळू आवाजात सांगायची, जणू तिला तो अधिकार उरला नव्हता. हे मला दिसत होतं. मला अशा गोष्टी पटकन दिसतात, आणि दिसण्याचा मी काही उपयोग करत नाही.

यंदा पुन्हा तेच दिवस आले. नवं व्हर्जन, नव्या रेषा. घंटेची फाइल उघडली तर डोक्यावर ती ओळ होतीच. जागा भरली तरी ओळ काढायची राहिली होती. मी ती काढली. त्याबरोबर वर्षभर गप्प बसवलेल्या रेषा वरपासून खालपर्यंत एकदम उमटल्या. मला वाटत होतं पाच-सहा असतील. मोजल्या नाहीत.

कोडच्या कडेला एक पट्टी उघडता येते. तिच्यात प्रत्येक ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. मागच्या तारखांना गेलं की बदललेलं, पुसलेलं, सगळं जसंच्या तसं सापडतं. मी मागच्या वर्षीच्या पोळ्याआधीच्या आठवड्यात गेले आणि वैशालीताईला बोलावलं. ती आली, उभी राहिली. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

आपल्याला कोड येत नाही असं ती म्हणते. वाचता सगळं येतं. तिने डोक्यावरचा चष्मा खाली ओढला. परवानगी असेल तर. नाहीतर. मग रिकामी जागा. नंतर बघू. समोर माझं नाव.

ती खुर्चीवर बसली.

“हे तुले माहीत होतं?”

“हो.”

“कोऱ्या फोनचं मी विचारलं तवा?”

“हो ताई.”

तिची नजर स्क्रीनवरच होती. मग म्हणाली, “वर्षभर माह्या डब्यातलं खाल्लं तू.”

आवाज चढला नव्हता. शेजारच्या टेबलावर कुणाला ऐकूही गेलं नसेल. ती उठली आणि आपल्या जागेवर गेली. तिच्यासाठी मी काही सोपं केलं असेल, ते बटण तिच्या डोक्यातून गेलं असेल, असं मला म्हणावंसं वाटतं. तिने तसं काही म्हटलेलं नाही.

दुपारी माझ्या नावावर एक बग आला. बग लिहायची आमच्याकडे ठरलेली रीत आहे. आधी पायऱ्या, मग अपेक्षित काय, मग प्रत्यक्षात काय. वैशालीताई नेहमी तुटक इंग्रजीत लिहायची. हा मराठीत होता.

पायऱ्या: नवा फोन घ्या. अ‍ॅप टाका. वेळा भरा. भोंगा निवडा. वाट पाहा.

अपेक्षित: भोंगा.

प्रत्यक्षात: माणूस वाट पाहत राहतो.

मी उत्तरात लिहिलं की हे मागच्याच वर्षी दुरुस्त झालं आहे. मग ते पुसलं. नुसती दुरुस्तीची तारीख लिहिली आणि तपासायला तिच्याकडे पाठवला. नियम असा आहे की बग ज्याने नोंदवला त्यानेच तो तपासून बंद करायचा.

दुसऱ्या दिवशी ती एक फोन घेऊन आली. खिडकीतला, बाबांचा. आतलं सगळं पुसून पुन्हा कोरा केलेला. त्यात तिने अ‍ॅप टाकलं. अ‍ॅपने परवानगी मागितली, तिने दिली. पाच वेळा भरल्या. यादीच्या तळातून भोंगा निवडला आणि फोन टेबलाच्या कडेला, भिंतीशी टेकवून ठेवला.

पोळा झाला, मारबतही गेली. लाकडी बैलवाले गल्लीतून उठले. आमच्या ऑफिसात साडेनऊला भोंगा होतो, एकला होतो, साडेचारला होतो. पहिल्या दिवशी सगळे दचकून उभे राहिले होते. सरांनी तिला विचारलं, हे अजून किती दिवस.

“तपासून राहिली सर,” ती म्हणाली.

एकचा भोंगा जेवणाच्या सुट्टीत होतो. तिचा डबा तिच्या टेबलावर उघडलेला असतो, माझा माझ्या. ती हात थांबवून ऐकते, शेवटचा बसलेला घसा संपेपर्यंत. मी तिच्याकडे पाहत नाही. घास हातात तसाच धरून ठेवते. भोंगा संपला की बगांची यादी उघडून बघते. सगळं वेळेवर, बरोबर वाजतं आहे. बग उघडाच आहे.